संत्र्याच्या गावातून संत्र्याच्या गावी

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या आमच्या पट्ट्याला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणायची पद्धत जुनी आहे. पुढाऱ्यांच्या भाषणात ते येतं, कृषी मेळाव्याच्या फलकावर येतं, शाळकरी पोरांच्या निबंधातही येतं. पण कॅलिफोर्नियातलं संत्र्याचं गाव असतं तरी कसं, तिथला बगीचेवाला पाणी कुठून आणतो, माल कुणाच्या हाती देतो, हे आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं आहे. मुलगी आणि जावई नोकरीसाठी ज्या गावात राहायला गेले, ते गाव नेमकं संत्र्याचं निघालं, आणि मला ते पायी फिरून, झाडाच्या आळ्यात उभं राहून पाहता आलं.

गावाचं नाव रेडलँड्स. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर, सॅन बर्नार्डिनो पर्वताच्या पायथ्याशी. वस्ती सुमारे ७३ हजार. महानगराच्या पसाऱ्यात येतं, तरी स्वतःची नगरपालिका, ग्रंथालय आणि विद्यापीठ सांभाळून आहे. काटोल नागपूरपासून साठेक किलोमीटरवर. नोकरीला, दवाखान्याला, खरेदीला नागपूर गाठायचं आणि रात्री परत काटोलला यायचं, ही आमची पिढ्यान्पिढ्यांची सवय. रेडलँड्सच्या माणसांचं लॉस एंजेलिसशी नातं तसंच आहे. त्यामुळे मला हे गाव पहिल्याच दिवशी परकं वाटलं नाही. आश्चर्यं पुढे सुरू झाली.

मार्च संपत आला होता. सकाळी फिरायला निघालो आणि रस्त्याच्या वळणावर वास आला. आंबिया बहार फुटला की जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या पांदणीतून जो वास येतो, तोच. मी थबकलो. समोर पोस्ट ऑफिसची गाडी उभी, पलीकडे लाकडी घरांची रांग, मागे आकाशात बर्फानं पांढरी झालेली साडेतीन हजार मीटरची शिखरं, आणि नाकात काटोल. जवळ जाऊन पाहिलं तर एकाच फांदीवर पांढऱ्या कळ्यांचे झुबके आणि त्यांच्याच शेजारी पिकलेली, हाताएवढी फळं. गेल्या वर्षीची फळं अजून झाडावर आणि नवा बहार फुटलेला! आमचा संत्रा तयार झाला की तोडाई लांबवता येत नाही. साल सुटते, फळ पोचट होतं, गळतं. हे फळ महिनोन्‌महिने झाडावरच साठवून ठेवता येतं. व्यापारी दारात उभा आहे म्हणून मिळेल त्या भावात द्यायची वेळ या झाडानं मालकावर येऊ दिली नाही. बागायतदाराच्या हाती थोडी सवड देणारं झाड, ही मला त्या सकाळची सगळ्यात मोठी गोष्ट वाटली.

या फळाला तिथं नेव्हल म्हणतात. आपल्या हिशेबानं ते संत्र्यातलं नव्हे, मोसंबीच्या कुळातलं. साल जाड, घट्ट चिकटलेली. बोटानं सोलायला गेलात तर नख दुखतं. देठाच्या विरुद्ध टोकाला बेंबीसारखा खळगा असतो. फळ मधोमध कापलं की त्या बेंबीत आणखी एक इवलंसं फळ दिसतं, फोडींसकट, जणू आईच्या पोटातलं लेकरू. बी एकही नाही. गोडी भरपूर, पण आमच्या संत्र्याला आंबटगोडाची जी धार असते ती त्यात नाही, हे मी मुलीला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही काटोलचे वकील म्हणूनच आलात.” तसं म्हणा. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही.

दुसरं आश्चर्य फळांच्या राखणीचं. घरांच्या पुढच्या अंगणात, गल्लीच्या कडेला, दवाखान्याच्या आवारात संत्र्याची झाडं, आणि फळाला कुणी हात लावत नाही. शेजारच्या आजीबाईंनी याची दुसरी बाजू सांगितली. २०२३ साली गावात ओरिएंटल फळमाशी सापडली. राज्याच्या कृषी खात्यानं २०२४ च्या जानेवारीत जाहीर केलं, की बाधित भागातल्या दोन हजारांहून अधिक घरांच्या अंगणातलं प्रत्येक फळ उतरवायचं. झाड ठेवायचं, फळ नेऊन नष्ट करायचं. माणसं आली, घरोघर गेली, झाडं रिकामी केली. “माझ्या नवऱ्यानं लावलेलं झाड,” आजीबाई म्हणाल्या, “पण मी फाटक उघडून दिलं. माझ्या अंगणातल्या माशीनं दुसऱ्याची बाग जायला नको.” मी ऐकतच राहिलो. आमच्याकडे कोळशी आली, सिला आली, रस शोषणारा पतंग आला, की प्रत्येक जण आपापल्या धुऱ्याच्या आत फवारणी करतो. शेजाऱ्यानं नाही फवारलं तर चार दिवसांत कीड परत आपल्याकडे. धुरा ओलांडून एकाच वेळी, एकाच औषधानं, सगळ्यांनी करायचं काम कागदावर सगळ्यांना पटतं. इथं ते अंगणात एकच झाड असलेल्या आजीबाईंनी केलं होतं.

मग मला या गावाचा मुळापासून शोध घ्यावासा वाटला, आणि सुरुवात पाण्यापासून केली. कारण हिशेब जुळेना. तिथं वर्षाला पाऊस पडतो जेमतेम तेरा-चौदा इंच, तोही हिवाळ्यात. आमच्याकडे त्याच्या अडीचपटीहून जास्त. तरी आमचे बोअर आठशे-हजार फुटांवर गेले, आणि वाळलेले बगीचे तोडून सरपण झालं. मग इथं बाग जगली कशावर?

गावातल्या सिल्व्हन पार्कमधून एक अरुंद दगडी पाट वाहतो. त्याला झांजा म्हणतात, स्पॅनिश शब्द. १८१९-२० साली सॅन गॅब्रिएल इथल्या ख्रिस्ती मठाच्या देखरेखीखाली, इथल्या मूळच्या सेरानो लोकांनी मिल क्रीक या डोंगरी ओढ्यापासून तो खणत आणला. लोखंडी अवजारं पुरेशी नव्हती, तेव्हा जनावरांच्या खांद्याच्या हाडांची फावडी केली, असं सांगतात. पाट दहा-बारा मैलांचा. मी काठावर बसून पाण्यात हात घातला. बर्फाचं पाणी, बोटं बधिर झाली. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी तो खणला त्यांची जमीन पुढे त्यांची राहिली नाही, आणि पाण्यावरचा हक्कही राहिला नाही. गावात जे काही हिरवं आहे त्याची पहिली कुदळ त्यांची आहे, एवढं तरी प्रत्येक पाहुण्याला सांगितलं गेलं पाहिजे.

मग १८८१ साली फ्रँक ब्राउन आणि एडवर्ड जडसन हे दोन तरुण आले. ब्राउन येलमध्ये शिकलेला इंजिनिअर. तांबड्या मातीचा उतार पाहून त्यांनी गाव आखलं. गावाचं नाव त्या मातीवरून. १८८८ मध्ये नगरपालिका झाली. पण झांजाचं पाणी इतक्या जमिनीला पुरणार नव्हतं. ब्राउननं डोंगरात, दोन हजार मीटर उंचीवरच्या बेअर व्हॅलीत, १८८४ साली एका कमानीचं दगडी धरण बांधलं. भिंत इतकी बारीक, की हे टिकायचं नाही असं जाणकार म्हणत. ते टिकलं. पुढे १९१२ च्या सुमारास त्याच्याजवळच नवं, उंच धरण झालं, आणि जुनी भिंत पाण्याखाली गेली. तळं उतरलं की तिचा माथा दिसतो. आज तिथं बिग बेअर नावाचं मोठं तळं आहे, लोक नौका फिरवायला जातात. खाली बागांना पाणी द्यायला ते तळं केलं, हे तिथल्या पर्यटकांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

मला मात्र धरणापेक्षा त्यानंतर जे घडलं ते मोलाचं वाटतं. पहिली पाणी कंपनी खासगी होती. तिनं झेपेल त्याच्यापलीकडे दूरदूरच्या जमिनींना पाणी देण्याचे करार केले आणि १८९० च्या दशकात ती बुडाली. तेव्हा बागायतदार एकत्र आले आणि १९०३ साली त्यांनी स्वतःची ‘बेअर व्हॅली म्युच्युअल वॉटर कंपनी’ उभी केली. ज्याच्याकडे जितके भाग, त्याला तितकं पाणी. नफा वाटायचा नाही, पाणी वाटायचं. कंपनीचा मालक म्हणजे बागवाला, गिऱ्हाईक म्हणजेही बागवाला. ही कंपनी आजही आहे, आणि तिचं पाणी आजही उरलेल्या बागांना जातं. सव्वाशे वर्षांत मालक बदलले, पिढ्या बदलल्या, दोन महायुद्धं झाली. पाण्याची पाळी मोडली नाही.

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फडपद्धती होती, पाटकरी ठरलेल्या पाळीनं पाणी सोडायचा आणि त्याचा शब्द चालायचा. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांचे नियम होते. कॅलिफोर्नियातही स्पॅनिश काळापासून पाटकरी असायचा, झांजेरो म्हणत त्याला. लॉस एंजेलिसमध्ये एके काळी त्याचा पगार नगराध्यक्षापेक्षा जास्त होता. आमच्या जाम नदीच्या खोऱ्यात विहिरी आल्या, मग पंप आले, मग बोअर आले, आणि प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाच्या खाजगी भोकातून येऊ लागलं. जमिनीखालचं पाणी एकच आहे हे विसरायला तेवढं पुरेसं झालं.

पाण्याइतकाच विक्रीचा प्रश्न. १८९० च्या आसपास रेल्वेनं संत्रा पूर्वेकडच्या शहरांत जायचा. माल जायचा आणि महिन्याभरानं आडत्याचं पत्र यायचं, की भाडं, हमाली, दलाली वजा जाता तुमच्याकडेच येणं निघतं. हे वाचून काटोलच्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. त्यावर १८९३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी सहकारी संघ काढला. वर्गवारी एकत्र, पेटी एकत्र, वाहतूक एकत्र, आणि कोणत्या शहरात किती माल सोडायचा याचा निर्णय एकाच ठिकाणी. १९०८ पासून त्या मालाला ‘सनकिस्ट’ हे नाव पडलं. आज जगातल्या बाजारात हे नाव दिसतं ते कुणा शेठचं नाही, शेतकऱ्यांच्या संघाचं आहे. तोवर अमेरिकेत संत्रं हे नाताळात मुलाच्या हाती ठेवायचं अपूर्वाईचं फळ होतं. या संघानं जाहिरातीवर पैसा खर्च केला, संत्र्याचा रस रोज प्या असं १९१६ पासून घरोघर सांगितलं, आणि सकाळच्या न्याहारीत त्याला कायमची जागा मिळवून दिली.

आपणही हे करू पाहिलं होतं. ‘नोगा’चा जॅम आणि सॉस महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी खाल्ला, पण नोगा म्हणजे ‘नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन’, म्हणजे आमच्याच बगीचेवाल्यांची संस्था, हे आज सांगावं लागतं. पुढे ती सरकारच्या कृषी उद्योग महामंडळाकडे गेली. नाव राहिलं, पण त्यातला बगीचेवाला निघून गेला. आज आमचा बराच माल झाडावरच ठोक विकला जातो. फुलोरा पाहून व्यापारी अंदाज करतो, इसार देतो, आणि पुढे गारपीट झाली, फळगळ झाली किंवा बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं, की सौदा पुन्हा बोलायला येतो. मला सनकिस्टची कथा ऐकताना आनंदापेक्षा हुरहुर जास्त झाली. ही माणसं आमच्यापेक्षा हुशार नव्हती. त्यांना एकत्र बसणं भाग पडलं, आणि ती बसलेली उठली नाहीत.

पण या एकत्र बसलेल्यांत कोण नव्हतं, तेही सांगितलं पाहिजे. सुरुवातीला बागा लावायला, फळ तोडायला, पेट्या भरायला चिनी मजूर होते. १८९३ साली, सहकारी संघ निघाला त्याच वर्षी, याच गावात जमाव जमून चिन्यांना हुसकून लावण्यात आलं. त्यांच्यानंतर जपानी आले, त्यांच्यानंतर मेक्सिकन. आजही तोडाईला स्पॅनिश बोलणारीच माणसं दिसतात. मी एका बागेत त्यांचं काम बराच वेळ पाहत उभा होतो. प्रत्येकाच्या खांद्याला जाड कापडाची लांब पिशवी, हातात वाकड्या पात्याची छोटी कात्री. फळ ओढायचं नाही. देठ आधी लांब कापायचा, मग फळालगत दुसरा काप, म्हणजे देठाचं टोक शेजारच्या फळाला टोचून ते सडत नाही. पिशवी भरली की तिचं तोंड उलटं करायचं नाही; खालचा पदर सोडायचा, फळं खोक्यात आपोआप घरंगळतात, आपटत नाहीत. त्यातल्या एका वयस्क माणसानं मला पाहून एक फळ कापून हातावर ठेवलं. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. मी बुंध्याकडे बोट दाखवून जमिनीपासून गुडघ्यापर्यंत हात फिरवला. आम्ही बोर्डो मलम लावतो तसा. त्यानं मान हलवली, आणि आपल्या हातानं तेच करून दाखवलं.

गावाकडे आलेल्या पैशाचं काय झालं, हे मी ग्रंथालयात पाहिलं. हे ए. के. स्मायली सार्वजनिक ग्रंथालय १८९८ चं. आल्बर्ट आणि आल्फ्रेड स्मायली हे जुळे भाऊ पूर्वेकडून इथं हिवाळा घालवायला आले आणि गावचे झाले. आल्बर्टनं इमारत बांधून, भोवतीची बाग आखून गावाला देऊन टाकली. आत उंच लाकडी छत, रंगीत काचा, आणि गावच्या इतिहासासाठी वेगळी खोली. तिथं संत्र्याच्या पेट्यांवर चिकटवायचे जुने रंगीत कागद पाहायला मिळतात: डोंगर, फुलं, मुली, घोडे, प्रत्येक पॅकिंग हाऊसचं वेगळं चित्र. ग्रंथालयामागच्या उद्यानात उघडं रंगमंदिर आहे, रेडलँड्स बोल. ग्रेस स्टुअर्ट मलन या बाईंनी १९२४ मध्ये तिथं संगीताचे कार्यक्रम सुरू केले, आणि तेव्हापासून उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांना तिकीट लावलेलं नाही. ज्याला जमेल तो मध्यंतरात टोपलीत टाकतो. शंभर वर्षं! श्रीमंत बागवाला आणि त्याच्याकडचा पेट्या भरणारा एकाच बाकावर बसून गाणं ऐकू शकेल, हा बाईंचा हट्ट होता असं मी समजतो.

संत्र्याचा सुवर्णकाळ मात्र ओसरला. १९१३ च्या जानेवारीत असा कडाका पडला की फळं झाडावर गोठली. त्यानंतर थंडीच्या रात्री बागेत तेलाच्या शेगड्या पेटवून धूर करायचा रिवाज पडला. १९४० च्या दशकात ट्रिस्टेझा या विषाणूनं आंबट संत्र्याच्या खुंटावरची झाडं दक्षिण कॅलिफोर्नियाभर वाळवली. हे नाव आमच्या बगीचेवाल्यांनाही ओळखीचं आहे. शेवटचा घाव घरांचा. महायुद्धानंतर लॉस एंजेलिस पसरत पसरत आलं, महामार्ग गावाच्या मधून गेला, उत्तरेकडची मजुरांची वस्ती पलीकडे पडली. शेजारच्या ऑरेंज परगण्यात तर अनाहाइम इथल्या संत्र्याच्या बागा तोडून १९५५ साली डिस्नेलँड उभं राहिलं. आता रेडलँड्सच्या आसपास मैलोन्‌मैल गोदामं दिसतात, घरबसल्या मागवलेल्या वस्तूंची. काटोल रोडला नागपूरच्या बाजूनं जाताना लेआउटचे फलक बघितलेत? झाडं तोडून चुन्याच्या रेघा मारलेल्या? ते दृश्य इथं सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेलं.

आणि तरीही गावात बागा आहेत. हे कसं, असं मी जावयांना विचारलं. त्यांनी नगरपालिकेचा नकाशा काढून दाखवला. नगरपालिकेनं स्वतः बागा विकत घेऊन राखल्या आहेत, सगळ्या मिळून दीडशे एकरांच्या पुढे. त्यांची मशागत होते, फळ विकलं जातं. वर्षाला चारशेपेक्षा जास्त नवी घरं बांधू नयेत, असा निर्णय १९८७ साली गावच्या मतदारांनी मतपेटीतून घेतला. बिल्डर नाराज झाले असतील, जागांचे भाव चढले असतील, तरुणांना घर घेणं महाग गेलं असेल. हे तोटे खरे आहेत आणि मी ते झाकत नाही. पण आपल्या गावाची ओळख कशात आहे हे लोकांनी मत देऊन ठरवलं आणि त्यासाठी खिशातून पैसे मोजले, याचा मला आदर वाटतो. आमच्या नगरपरिषदेनं एखादा जुना बगीचा विकत घेऊन राखला तर? हा विचार मी काटोलच्या मित्राला लिहून पाठवला. त्याचं उत्तर आलं, “आधी नाल्या साफ होऊ दे.” तेही खरं. पण दोन्ही व्हावं असं मला वाटतं.

नकाशाचा उल्लेख झालाच आहे, तर या गावाचं दुसरं नाव आज नकाशासाठी घेतलं जातं. इथं एका रोपवाटिकेच्या घरात वाढलेला जॅक डेंजरमंड शिकून परत गावी आला, आणि १९६९ मध्ये पत्नी लॉरा हिच्यासोबत त्यानं ‘एस्री’ ही नकाशांच्या संगणकप्रणालीची कंपनी काढली. आज जगभरची सरकारं तिची प्रणाली वापरतात, आणि कंपनीचं मुख्य ठाणं अजूनही रेडलँड्समध्येच, झाडीत आहे. शेंदुरजनाघाटच्या संत्रा नर्सऱ्यांमध्ये बापाच्या हाताखाली कलमाचे डोळे बांधणारी किती हुशार पोरं मी पाहिली आहेत. ती पुण्याला जातात आणि तिकडचीच होतात. हा माणूस गावी परतला, म्हणून मराठी, तेलुगू, तामिळ बोलणारी घरं आज या आडगावात आहेत.

गुढीपाडव्याला अशाच एका घरी जमलो होतो. अकोल्याचे एक, परभणीच्या एक, दोघं पुण्याची, आणि आम्ही काटोलचे. यातले काही २०१५ साली अनाहाइमला झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला गेले होते, त्या गप्पा निघाल्या. त्यात मी पांडुरंग खानखोजेंची गोष्ट सांगितली. वर्ध्यात जन्मलेला तरुण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या याच पश्चिम किनाऱ्यावर येतो, शेती शिकतो, गदरच्या क्रांतिकारकांत सामील होतो, आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर असं काम करतो की दिएगो रिवेरा त्याला भित्तिचित्रात रंगवतो. जमलेल्या मुलांपैकी कुणी हे नाव ऐकलं नव्हतं. एका मुलीनं लगेच फोनवर ते चित्र शोधून काढलं आणि सगळ्यांना दाखवलं.

सगळ्यात शेवटी पाहायचं ठरवलं होतं ते झाड. रेडलँड्सहून पाऊण तासावर रिव्हरसाइड नावाचं मोठं गाव आहे. तिथं मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन या दोन रस्त्यांच्या चौकात, गाड्यांच्या गर्दीत, कुंपणाच्या आत एक संत्र्याचं झाड उभं आहे. ब्राझीलमधल्या बाहियाहून नेव्हलची कलमं वॉशिंग्टनच्या कृषी खात्यात आली, आणि १८७३ च्या सुमारास तिथून एलायझा टिबेट्स या बाईंकडे इथं मोजकी झाडं पोचली. पाटाचं पाणी त्यांच्या वाट्याला नव्हतं. भांडी धुतलेलं पाणी घालून बाईंनी ती जगवली, अशी आख्यायिका आहे. बी नसलेलं फळ. तेव्हा प्रत्येक नवं झाड डोळा बांधूनच करायचं. कॅलिफोर्नियाभरच्या लाखो नेव्हल झाडांचं मूळ अशा दोन-तीन झाडांत आहे, आणि त्यातलं हे एक अजून जिवंत आहे. किडीपासून वाचवायला त्याच्यावर जाळीचा मांडव घातला आहे.

मी कुंपणाला लागून बुंध्याकडे पाहिलं आणि आत काय घडलंय ते ओळखलं. या झाडाला डिंक्या झाला होता. फायटोप्थोरा. आमच्या ओल्या काळ्या जमिनीत जे जंभेरीच्या खुंटाला होतं तेच: बुंध्याची साल तडकते, डिंक पाझरतो, मूळ कुजतं. म्हणून १९१८ मध्ये आणि पुन्हा १९५१ मध्ये, रोगाला दाद न देणाऱ्या खुंटांची कोवळी रोपं झाडाभोवती लावून, त्यांचे शेंडे मुख्य खोडाच्या सालीत भेटकलमानं जोडले. जुनं मूळ निकामी झालं, नवी मुळं झाडाला पोसू लागली. बुंधा त्यामुळे बहुपायी दिसतो. मंडळी घराकडे निघायची घाई करत होती. “अजी, चला आता, ऊन झालं,” असं सौभाग्यवती दोनदा म्हणाल्या. पण दीडशे वर्षांचं, दोनदा पाय बदललेलं झाड समोर असताना काटोलचा माणूस हलेल कसा? आमच्याकडे तीस वर्षांत बगीचा म्हातारा झाला म्हणतात.

त्याच रात्री धाकट्या भावाचा फोन आला. त्याला पाणी कंपनीची, भागाप्रमाणे पाळीची सगळी हकिकत सांगितली.

“भाऊ, हे तिकडं ठीक आहे,” तो म्हणाला. “आपल्या नाल्यावर सात जणाचे बगीचे, साताचे सात तोंडं सात दिशेले. पाणी मोजून द्याले कोण बसन?”

“पाटकरी ठेवायचा. पगारी.”

“पगार कोण देईन?”

“आपणच. एकरामागं.”

“अन् एखाद्यानं रात्री मोटर चालू केली तं?”

“त्याचं पाणी पुढच्या पाळीला बंद. तसा नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, आणि पहिली सही आपली.”

तो जरा थांबला. मग म्हणाला, “तू ये पहिले, मग सगळ्यायले बसवू आपल्या ओट्यावर. आता एवढं सांग, नर्सरीवाला उद्या येऊन राहिला, वरच्या तुकड्यासाठी दोनशे रोपं घ्यायची आहेत. जंभेरीवरचीच घेऊ ना?”

मी म्हटलं, शंभर जंभेरीवरची घे, शंभर रंगपूर लाइमच्या खुंटावरची घे, आणि लावताना डोळा जमिनीपासून चांगला वीतभर वर राहील असं बघ.